एकच टाइल लावली हो!

...आणि वर मलाच विचारतात, "काका, आरती किती वाजता असते?"

आता तुम्हीच सांगा, हातात झारी, पायात गमबूट, टोपीवर कावळ्याने केलेला अभिषेक... असा पुजारी तुम्ही कुठल्या देवळात पाहिलात? अहो, मी झाडांना पाणी घालणारा माणूस! भाईंदर स्टेशनच्या फलाटावर, विरारच्या बाजूच्या टोकाला, शेवटचा बाक संपला की भिंतीला लागून मातीचा एक लांब पट्टा आहे बघा, तिथे दर रविवारी आम्ही काही रिकामटेकडे बाग करतो. फुकट करतो. स्वतःचा चहा स्वतः पिऊन करतो. आणि मला विचारतात आरती किती वाजता! तुम्हाला सांगतो, मी असं काय मोठं पाप केलं? एकच टाइल लावली हो. एक टाइल, बस्स.

थांबा, नीट पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही जाताना मला नमस्कार कराल.

मी महिपत. मूळचा राजापूरचा, पण आता इथे भाईंदरला जेसल पार्कात इतकी वर्षं काढली की गावाला गेलो तर तिथलेच लोक विचारतात, पाहुणे किती दिवस आहेत? नोकरी विजेच्या मीटरची. आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली वाकून मीटर वाचले, मग रिटायर झालो आणि घरी बसलो. बसलो म्हणजे, बसायला मिळालं असतं तर बसलो असतो! आमची शेवंती... म्हणजे बायको... तिचं म्हणणं असं की इतकी वर्षं हा माणूस बाहेर होता तेव्हा घर कसं जागच्या जागी होतं. मी पेपर वाचायला लागलो की तिला नेमकं तिथेच झाडायचं असतं. मी पाय वर घेतले की म्हणते, तसे लटकत बसू नका, कुठेतरी जाऊन या. कुठे जाऊ? मीटर बघायला?

मग कळलं की स्टेशनवर बागेचा ग्रुप आहे. मी घरी येऊन सांगितलं, रविवारपासून मी बागकामाला जाणार. शेवंती भाजी चिरत होती, तिची सुरी थांबली. अशी माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. म्हणजे नुसती हसली नाही हो, पदर तोंडाला लावून हसली, मग शेजारच्या मृणालिनीताईंना हाक मारून त्यांनाही हसायला बोलावलं.

त्याला कारण आहे, नाही म्हणत नाही. आमच्या खिडकीत तुळस होती, ती मी लावली, गेली. मनी प्लांट आणला, लोक म्हणतात तो बाटलीतसुद्धा जगतो, तो बाटलीतच गेला. शेवटी निवडुंग आणला. अहो, वाळवंटात उभा राहणारा निवडुंग, आमच्याकडे आला आणि आडवा झाला! तेव्हापासून शेवंतीचं एक वाक्य ठरलेलं आहे. पाहुणे आले की चहाबरोबर देते. "यांच्या हाताला झाडच लागत नाही." सगळे हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू का... लागतं हो मनाला. म्हणजे आपल्या हाताखाली एक काही जगत नाही, हे चहा पिता पिता ऐकायला कुणाला आवडेल?

म्हणून मी ठरवलं. गावाला गेलो होतो तेव्हा शेवंतीच्या माहेरच्या परसातली जास्वंदीची फांदी गुपचूप कापून आणली. लाल, डबल पाकळीची, बशीएवढं फूल येतं तिला. शेवंती लहानपणापासून त्या जास्वंदीचं कौतुक सांगते, तशी जास्वंद जगात नाही म्हणते. म्हटलं, हीच लावायची, स्टेशनवरच्या आपल्या वाफ्यात, हिला एका शब्दाने सांगायचं नाही. पहिलं फूल आलं की हिला हाताला धरून न्यायची आणि फुलासमोर उभी करायची. काही बोलायचं नाही. नुसतं फुलाकडे बोट दाखवायचं. मी तर आरशासमोर बोट दाखवायची प्रॅक्टिससुद्धा केली.

आता ग्रुपचं ऐका. ग्रुपचे प्रमुख गुणवंतभाई. केबिन रोडला त्यांचं कापडाचं दुकान, ते आता मुलगा बघतो, आणि गुणवंतभाई आम्हाला बघतात. गळ्यात शिटी. प्रत्येकाला एक वाफा, वाफ्यात आपल्या नावाची पाटी, आणि नियम एकच, जो वाफा सांभाळणार नाही त्याचा वाफा दुसऱ्याला. माझ्या एका बाजूला गुणवंतभाईंचा झेंडू, असा रांगेत उभा की झेंडूलाही शिटीची भीती वाटत असावी. दुसऱ्या बाजूला बाळाराम. हा इथला, जुन्या गावातला. त्याच्या आजोबांची मिठागरं होती. मी जास्वंद लावत होतो तर हा कमरेवर हात ठेवून बघतोय. म्हणाला, "म्हैपतशेट, ही खारी जमीन हाय. हितं मिठाबिगर काय व्हयाचा न्हाय." झालं! घरी शेवंती, इथे बाळाराम. पण मी हटलो नाही. खड्डा खणला, खालची माती काढली, पेणकरपाड्याहून एका ओळखीच्याच्या गोठ्यातलं शेणखत पिशवीत भरून रिक्षाने आणलं. रिक्षावाला अजून ओळख देत नाही. पण फांदी लागली हो! कोवळी पानं फुटली. त्या दिवशी मी घरी जाताना एकटाच हसत होतो, लोक फोनवर बोलतोय समजले.

आणि मग सुरू झाली थुंकी.

माझा वाफा नेमका भिंतीजवळ. लोकांना काय, भिंत दिसली की टेकायचं, टेकलं की फोन लावायचा आणि फोन लागला की थुंकायचं. जास्वंदीला लाल फूल यायच्या आधी पानं लाल! मी रोज सकाळी येऊन ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचो, बाळाचं तोंड पुसावं तसं. पाटी लावली, 'येथे थुंकू नये'. एका गृहस्थाने माझ्या डोळ्यांदेखत ती पाटी वाचली, पूर्ण वाचली, मान डोलावली आणि तिच्यावरच थुंकला. मी हात जोडले, "भाईसाब, पौधा है." तर म्हणतो, "हाँ तो? पानी ही तो दिया."

मग डोकं चाललं. आमच्या सोसायटीच्या जिन्यात काय केलंय? प्रत्येक वळणावर देवाची टाइल! तिथे कोणाची हिंमत आहे थुंकायची? सगळ्या भाईंदरात हाच तर उपाय चालतो. गेलो केबिन रोडला, टाइल आणली. गणपतीची. छान, हसरा, उंदीरबिंदीर सगळं. वाफ्यामागच्या भिंतीवर पांढऱ्या सिमेंटने चिकटवली. जरा तिरकी बसली, सिमेंट ओलं होतं तेव्हा मला फोन आला, तेवढ्यात घसरली, पण लांबून कळत नाही. तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवसापासून थुंकणं बंद! एकदम बंद! तेच गृहस्थ आले, टेकायला गेले, टाइल बघितली, तोंड भरलेलं तसंच घेऊन फलाटाच्या दुसऱ्या टोकाला धावले. मी कमरेवर हात ठेवून हसलो. म्हटलं, महिपत, तू आहेस कोण!

कोण आहेस? गाढव आहेस! अहो, जास्वंदीच्या शेजारी कुठला देव लावायचा हे मला कळू नये? गणपती! लाल जास्वंद आणि शेजारी गणपती! म्हणजे उंदराच्या बिळापाशी लाडू ठेवायचा आणि उंदराला सांगायचं, बघ हं, हात लावायचा नाही. तेहतीस कोटी देव आहेत आपल्यात, मारुती लावला असता तर लोकांनी रुईची पानं शोधली असती, शंकर लावला असता तर बेल शोधत फिरले असते, तोवर माझं फूल उमललं असतं. मी नेमका तोच निवडला ज्याला माझंच फूल आवडतं. बरं, मी काय केलं होतं? एकच टाइल!

पहिल्यांदा एक उदबत्ती आली. कुठे खोचलेली? जास्वंदीच्या मुळाशी. मग झेंडूची फुलं आली. मला आधी बरं वाटलं, पण फुलं ओळखीची वाटली म्हणून शेजारी बघितलं, तर गुणवंतभाईंच्या रांगेतले पुढचे चार जवान गायब! आणि मग जास्वंदीला पहिली कळी धरली. मी रात्री झोपलो नाही. सकाळी जाऊन बघतो तर कळी टाइलवर! न उमललेली! अहो, देवाला तरी चालते का न उमललेली कळी? दुसरी कळी, तीही गेली. तिसरी... जाऊ दे.

आणि त्यात आली चांदणी. बोरिवलीला एका दवाखान्यात रिसेप्शनला असते, चांगली मुलगी आहे, तिला मी दोष देत नाही. तिने एकदा घाईघाईत टाइलला हात जोडले आणि त्या दिवशी तिला गाडीत खिडकीची जागा मिळाली. खिडकी! सकाळच्या वेळेला! तिने मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीने हात जोडले, तिलाही खिडकी. अहो, भाईंदरहून सुटणारी गाडी होती ती, रिकामीच लागते फलाटाला! पण हे सांगणार कोण? आठवड्यात माझ्या टाइलचं नाव पडलं, 'खिडकी गणपती'. रांग लागायला लागली. बाळाराम, जो म्हणत होता इथे मिठाबिगर काय होणार नाही, तो नारळ घेऊन आला. कशासाठी, तर त्याच्या भाच्याचं लग्न ठरलं. मी म्हटलं, बाळाराम, हा खिडकीचा गणपती आहे, लग्नाचं खातं याच्याकडे नाही. तर म्हणतो, "देव हाय तो, आपल्यासारखा येकाच खात्यात नोकरीला हाय का?" आणि नारळ फोडला कशावर? माझ्या नावाच्या पाटीवर. पाटी मोडली.

नंतर आले बेघर देव. म्हणजे लोकांच्या घरी रंगकाम निघतं, नवीन देव्हारा येतो, मग जुन्या तसबिरींचं काय करायचं? टाकवत तर नाहीत. मग एक दिवस काच तडकलेली लक्ष्मी माझ्या वाफ्यात येऊन बसली. मग दत्त. मग कॅलेंडरमधून कापलेला विठोबा. मग एका तसबिरीत नुसतेच कुणाचे तरी आजोबा, हार घातलेले! आजोबा! त्यांनाही कुंकू लागलं होतं. माझ्या वाफ्यात माती दिसेना. जास्वंदीच्या बुंध्याला लाल दोरे बांधलेले, मुळाशी दूध, वर अक्षता. मी झारी घेऊन उभा राहिलो की लोक हात पुढे करायचे, तीर्थ द्या म्हणून.

गुणवंतभाई शिटी वाजवायची विसरले, इतके चिडले. "महिपतभाई, आ शूं छे? ये गार्डन है के मंदिर है? रविवारी रेल्वेचे मोठे साहेब येणार बगीचा बघायला. त्याच्या आधी हे सगळं साफ पाहिजे, नाहीतर तुमचा वाफा मी दिव्याबेनना देऊन टाकीन." दिव्याबेन हास्यक्लबच्या. त्या तिथे कोरफड लावणार होत्या. म्हणजे माझी जास्वंद उपटून कोरफड! आणि तुम्हाला सांगतो, नेमकी त्याच आठवड्यात एक कळी राहिली होती. एकच. पानांच्या आड, भिंतीच्या बाजूला, कुणाला दिसली नव्हती. मी तिला दुधाची धुतलेली पिशवी घातली, पिशवीला बारीक भोकं पाडली, वरून पानं बांधली. रोज वाकून बघायचो. लोकांना वाटायचं साष्टांग नमस्कार घालतोय. दोन बायकांनी माझ्या पाया पडून घेतलं.

मी टाइल काढायला गेलो नाही असं नाही हं. गेलो. शनिवारी सकाळी लवकर, कोणी नसताना, छिन्नी-हातोडी घेऊन. टाइलसमोर उभा राहिलो. गणपती माझ्याकडे बघतोय, तिरका, हसतोय. मी छिन्नी लावली... हात काही उठेना. अहो, मी राजापूरचा माणूस, माझ्याच्याने गणपतीवर हातोडी? एवढ्यात मागून आवाज, "काका, आटपा ना लवकर, माझी गाडी आहे." चांदणी! मागे सहा-सात जण हात जोडून उभे! मी काय करणार? छिन्नी खिशात घातली, रुमाल काढला, टाइल पुसली, बाजूला झालो. तिने जाताना माझ्या हातावर पेढा ठेवला. मी खाल्ला. खोटं कशाला बोलू, चांगला होता.

रविवार उजाडला. साहेब आले. गुणवंतभाई पुढे, आम्ही मागे हात बांधून. साहेबांनी झेंडू पाहिला, अच्छा म्हणाले. बाळारामची तगर पाहिली, अच्छा म्हणाले. माझ्या वाफ्याशी आले आणि थांबले. बराच वेळ थांबले. मी मनात म्हटलं, संपलं, आली कोरफड. साहेब खाली वाकले. बुटाची नाडी सोडली. बूट काढले, मोजेसुद्धा काढले, हात जोडले, डोळे मिटले. मग डोळे उघडून गुणवंतभाईंना म्हणाले, "ये कोना सबसे अच्छा मेंटेन किया है." आणि गुणवंतभाई, अहो, जो माणूस आठवडाभर मला आ शूं छे करत होता तो म्हणतो, "साब, मैंने ही बोला था, यहाँ कुछ भक्तिभाव का रखो." वाफा वाचला होता. मला तेवढंच पाहिजे होतं.

सगळे साहेबांबरोबर चहाला गेले. मी एकटा मागे राहिलो, हळूच पानं बाजूला केली, पिशवी सोडवली... आणि काय सांगू तुम्हाला! उमललं होतं! लालभडक, डबल पाकळीचं, बशीएवढं. माझ्या हातचं. माझ्या हाताला लागलेलं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, लाज कसली त्यात? लगेच शेवंतीला फोन केला. ती केबिन रोडला भाजी घेत होती. म्हटलं, आहेस तशी स्टेशनवर ये, तुला एक गोष्ट दाखवायची आहे. काय ते सांगितलं नाही. ती म्हणाली, पडलात का? म्हटलं, नाही, ये तर खरी.

आली. हातात पिशव्या, कपाळावर आठ्या. मी तिला धरून आणली, वाफ्यासमोर उभी केली. बोट वर उचलणार, एवढ्यात मनात आलं, अरे, एवढा मोठा प्रसंग आणि बघायला कोणी नाही? गुणवंतभाईंना बोलवावं, बाळारामला बोलवावं, खारी जमीन म्हणत होता ना? म्हटलं, शेवंती, इथेच थांब, हलू नको, दोन मिनिटांत आलो. धावत कॅन्टीनपाशी गेलो. गुणवंतभाई साहेबांना दुसरा चहा पाजत होते, मला हातानेच जा जा केलं. बाळाराम साहेबांबरोबर फोटो काढत होता. मी तसाच धावत परत.

शेवंती पिशव्या खाली ठेवून, चप्पल काढून, डोळे मिटून, हात जोडून उभी होती.

मी टाइलकडे पाहिलं.

टाइलवर जास्वंद. लालभडक. डबल पाकळीची.

झाडाकडे पाहिलं नाही. बघायची गरजच नव्हती.

तिने डोळे उघडले. तोंडावर असं समाधान, लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिलंय मी तसं. म्हणाली, "अहो, काय सुंदर फूल होतं! अगदी आमच्या परसातल्यासारखं. एकच होतं, पहिलंच असणार, म्हणून देवाला वाहिलं. कुणी लावलंय हो हे झाड? हात चांगला आहे माणसाचा."

बघा! इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी तडफडलो, ते मिळालं! फक्त पत्ता चुकला होता. मी म्हटलं, "मी. मी लावलंय." छातीवर हात ठेवून म्हटलं.

शेवंती हसली नाही. उलट गंभीर झाली. टाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, देवासमोर उभे आहात. इथे तरी खोटं बोलू नका."

मी पाटी दाखवायला गेलो, पाटी बाळारामच्या नारळाने मोडलेली, उरलेला तुकडा त्या हारवाल्या आजोबांच्या मागे. आता त्या आजोबांना हलवून पुरावा काढू? आणि फुलाचं काय, देवावरून उचलून झाडाला परत लावून दाखवू? म्हटलं, जाऊ दे. पुढच्या वेळी. येईल अजून एखादी कळी. गणपतीची इच्छा असली तर... म्हणजे त्याची तर असणारच, त्याचंच तर फूल!

तिच्या पिशव्या उचलल्या, निघालो. चार पावलं गेल्यावर ती थांबली, मागे वळून मान वाकडी करून बघायला लागली.

"ती टाइल कुणी बसवलीय हो?" म्हणाली. "तिरकी आहे."

म्हटलं, "मी."

"वाटलंच मला," म्हणाली.